भिशीतल्या ताईंना, रिफंड आल्यानंतर

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण "माझं नाव कुठे टाकू नकोस, उद्या अख्खी सांगली फॉर्म १६ घेऊन दारात येईल" असं तुम्हीच बजावलंय. पण आईच्या भिशीतल्या बायका ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही. आईचं आणि माझं इन्कम टॅक्स रिटर्न भरायला मदत केलीत म्हणून फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आईला दे" म्हणून विषय संपवता, म्हणून मग लिहूनच काढतोय आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, म्हणजे जरा तपशिलात लिहिता येतं आणि ज्यांच्या घरी हाच गुंता आहे त्यांनाही थोडा उपयोग होईल.

पहिलं आभार त्या एका वाक्याबद्दल. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन आलो होतो, इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडून थेट "फाइल नाऊ" दाबायच्या तयारीत, आणि तुम्ही म्हणालात, "थांब, आपल्याबद्दल खात्याला काय काय माहितेय ते आधी बघू, मग आपण काय सांगायचं ते ठरवू." इतकं साधं आहे हे पण मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सगळे म्हणतात फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) मधले आकडे उचल आणि टाक. तुम्ही मात्र २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या टॅक्सचा उतारा) आणि एआयएस (आपल्या कमाईबद्दल खात्याला कळलेल्या नोंदींची यादी) दोन्ही डाउनलोड करून प्रिंट काढायला लावल्या (एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड पॅन छोट्या अक्षरात आणि पुढे जन्मतारीख, हे पण तुम्हीच सांगितलंत), शेजारी आईचं पासबुक ठेवलं आणि पेन्सिलने एकेका रकमेवर टिक करायला बसवलं. एप्रिल-मे मध्ये घाई का करायची नाही तेही तेव्हाच कळलं. शेवटच्या तिमाहीचा टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स) बँका आणि कंपन्या ३१ मेपर्यंत दाखवतात, फॉर्म १६ द्यायची मुदत १५ जून, त्याच्या आधी भरलं की आकडे अर्धवट. ऑफिसमधली काही मंडळी एप्रिलमध्येच भरून मोकळी होतात आणि मग जुलैत रिव्हाइज्ड भरत बसतात.

आता आईचं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांच्यामागे आईला फॅमिली पेन्शन येते, वर्षाला साधारण तीन लाख, आणि बाबांच्या फंडाच्या पैशाची एफडी आहे तिचं व्याज एक लाख वीस हजार. एवढ्यावर टॅक्स लागत नाही हे आम्हाला ठाऊक होतं, पण बँकेने टीडीएस कापला होता तो चक्क चोवीस हजार! दहा टक्क्यांऐवजी वीस. आईला वाटलं बँकेने लुबाडलं. तुम्ही आईचं पॅन टाकून पोर्टलवर बघितलंत आणि दोन मिनिटांत सांगितलंत की पॅन इनऑपरेटिव्ह आहे, आधारशी जोडलेलंच नाही, ३० जून २०२३ ची मुदत गेल्यावर अशी पॅन निष्क्रिय झाली आणि मग टीडीएस जास्त दराने कापला जातो, रिफंडही थांबतो. आदल्या वर्षीचा रिफंड का आला नाही त्याचं उत्तर पण तिथेच मिळालं.

आणि जोडलं का गेलं नव्हतं? तर जन्मतारीख. आईची शाळेतली तारीख १ जून, तिच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची असते तशी, मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. आधारवर तीच. पॅनवर मात्र ६ जानेवारी, कारण फॉर्म भरणाऱ्याने दिवस आणि महिना उलटा लिहिला. मला वाटलं आता आधार सेंटरच्या रांगेत उभं राहावं लागणार, तर तुम्ही म्हणालात चूक ज्या कागदात आहे तोच कागद दुरुस्त करायचा, बरोबर असलेल्याला हात लावायचा नाही. मग आधारचा पुरावा लावून पॅनची तारीख बदलली, ती बदलल्यावर पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून लिंकिंगचे हजार रुपये भरले, मग लिंकची रिक्वेस्ट टाकली. क्रम हाच ठेवायचा हे तुमचं म्हणणं किती बरोबर होतं ते नंतर एका मित्राकडून कळलं, त्याने तारीख न बदलताच हजार भरून रिक्वेस्ट टाकली तर ती तशीच परत आली.

फॅमिली पेन्शनचं तर मी सगळ्यांना सांगत सुटलोय. आदल्या वर्षी ज्यांच्याकडून रिटर्न भरून घेतलं होतं त्यांनी ती पगाराच्या रकान्यात टाकून पन्नास हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठरावीक वजावट) घेतलं होतं. तुम्ही कपाळाला हात लावलात! पेन्शन ज्याने नोकरी केली त्याची असेल तर ती पगारात, पण त्याच्यामागे बायकोला मिळते ती "इतर उत्पन्न", तिथे ड्रॉपडाउनमध्ये फॅमिली पेन्शन असं वेगळं नावच आहे. वजावटही वेगळी, एक तृतीयांश किंवा १५,००० यातलं कमी ते, आणि २०२४-२५ पासून नव्या टॅक्स पद्धतीत (दर कमी, वजावटी थोड्या) १५ च्या जागी २५,०००. मी विचारलं मग मागच्या वर्षीचं आता काय करायचं, तर तुम्ही कागदावर दोन्ही तऱ्हेने हिशोब मांडून दाखवलात की टॅक्स दोन्हीकडे शून्यच येतोय, त्यामुळे जुनं उकरत बसू नका, यंदापासून जागच्या जागी भरा. जुनी पद्धत घेऊन ८०टीटीबीचे (ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी वजावट) पन्नास हजार वजा करून पण बघितलं, तरी शून्यच. तेवढा वेळ कोण देतं हो आजकाल.

एफडीचं व्याज एआयएसमध्ये दोनदा दिसत होतं, एकदा टीडीएसच्या भागात आणि एकदा बँकेने वेगळ्याने कळवलेलं म्हणून. आई घाबरली, "दोन लाख चाळीस हजार कुठून आलं माझ्याकडे?" तुम्ही तिलाच पासबुक वाचायला लावलंत, तिमाहीची व्याजं बेरजेला घ्यायला लावलीत, एक लाख वीस आलं, मग म्हणालात, बघा, रक्कम एकच आहे, दोन खिडक्यांतून दिसतेय. तिथेच फीडबॅक द्यायची सोय आहे, ही नोंद डुप्लिकेट आहे असं कळवता येतं, हे मला आयटीत काम करून माहीत नव्हतं. आईने स्वतः माउस धरून तो फीडबॅक दिला. त्या दिवसापासून ती पासबुक दर महिन्याला भरून आणते, आधी वर्षातून एकदा नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बँकेत जायची तेवढंच.

आता माझं. सप्टेंबर २०२४ मध्ये नोकरी बदलली, त्यामुळे फॉर्म १६ दोन. पहिल्या कंपनीत पाच महिन्यांचे चार लाख, दुसरीत सात महिन्यांचे सहा लाख तीस हजार. पहिलीने फायनल सेटलमेंटमध्ये कापलेला टीडीएस परत दिला, दुसरीत जुन्या पगाराचा फॉर्म १२बी कुणी मागितलाच नाही, त्यामुळे दोघींनीही आपापल्या पुरता हिशोब केला, दोघींनीही ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन दिलं, दोघींकडेही रक्कम सात लाखांच्या आत म्हणून रिबेट (टॅक्समाफी) आणि टीडीएस शून्य. मी खूश होतो. तुम्ही दोन्ही फॉर्म शेजारी ठेवलेत आणि फक्त म्हणालात, "बाळा, डिडक्शन माणसाला एकदाच मिळतं, कंपनीगणिक नाही." दोन्ही मिळून १०,३०,०००, त्यातून एकदाच ७५,००० गेले की ९,५५,०००. तीन लाखांपर्यंत काही नाही, तीन ते सात पाच टक्के म्हणजे २०,०००, वरच्या २,५५,००० वर दहा टक्के म्हणजे २५,५००, त्यावर चार टक्के सेस, झाले ४७,३२०. पगारावरचेच. आणि ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच भरायचा टॅक्स) भरला नाही म्हणून कलम २३४बी आणि २३४सी खाली व्याज, ऑगस्टमध्ये भरलं म्हणून पावणेपाच हजारांच्या आसपासच आलं, उशीर केला असता तर दर महिन्याला एक टक्का अजून. खरं सांगतो ताई, तो आकडा बघून घशाला कोरड पडली होती. पण तुम्ही तोंड भरून सहानुभूती न देता चहा ठेवलात आणि ई-पे टॅक्सचं पान उघडायला लावलंत, ते बरं झालं. तिथे सेल्फ असेसमेंट टॅक्स निवडायचं आणि असेसमेंट इयर मोठ्याने वाचायचं, हा तुमचा नियम. कमाई २०२४-२५ ची, असेसमेंट इयर २०२५-२६, तिथे चुकलं की पैसे भलत्याच वर्षात जमा आणि मग चलन दुरुस्तीच्या मागे लागा. (नव्या कायद्यात १ एप्रिल २०२६ पासून एकच टॅक्स इयर आहे, मग हे वाचन बंद.) एक जुना म्युच्युअल फंड विकला होता त्यासाठी मला वाटत होतं आयटीआर-२ (रिटर्नचा मोठा फॉर्म) भरावा लागेल, पण लाँग टर्मचा नफा सव्वा लाखाच्या आत आणि मागचा तोटा काही नाही म्हणून यंदा आयटीआर-१ मध्येच बसला, हेही तुम्हीच बघितलंत.

याच दरम्यान ऑफिसच्या ग्रुपवर एकाचा नंबर फिरत होता, "पूर्ण टीडीएस परत, रिफंडच्या दहा टक्के फी", जुनी पद्धत दाखवून राजकीय पक्षाला देणगी, घरभाडं, मेडिक्लेम असं काय काय टाकतात म्हणे. मी तुम्हाला सहज विचारलं आणि तुमचा चेहराच बदलला. जुलै २०२५ मध्ये खात्याने अशाच खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांवर देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली होती, ती बातमी तुम्ही मला वाचून दाखवलीत आणि सांगितलंत की तो माणूस नंबर बदलून गायब होईल, पॅन तुझं राहील, आणि जाणूनबुजून चुकीचं दाखवल्याचा दंड वाचवलेल्या टॅक्सच्या दुप्पट असतो. ग्रुपवर मी ते तसंच टाकलं. दोघांनी मला ब्लॉक केलं, एकाने थँक्यू म्हटलं.

रिटर्न टाकल्यावर ते आपलंच आहे अशी खात्री द्यायची असते, त्या व्हेरिफिकेशनला आईचं परत अडलं. आधारला मोबाइल बाबांचा, तो नंबर कधीच बंद झालेला, ओटीपी येणार कुठे. नेट बँकिंग तिचं नाहीच. मी म्हटलं झालं आता सगळं मुसळ केरात. तुम्ही शांतपणे आयटीआर-व्ही ची (रिटर्नची पोच) प्रिंट काढलीत, निळ्या शाईने सही घेतलीत, बारकोडवर सही येऊ द्यायची नाही, पिन मारायची नाही, आणि साध्या लिफाफ्यात घालून स्पीड पोस्टने खात्याच्या बेंगळुरूच्या सेंटरला, कुरिअरने नाही. रिटर्न टाकल्यापासून तीस दिवसांत तिकडे पोचलं पाहिजे, पूर्वीसारखे १२० दिवस आता नाहीत. पोस्टाची पावती आईने देवघरात ठेवली होती.

२०२५ साली मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली होती आणि शेवटच्या रात्री अजून एक दिवस वाढली, त्या दोन दिवसांत पोर्टल इतकं अडकत होतं की ऑफिसात काम कमी आणि रिफ्रेश जास्त चाललं होतं. आमचं दोघांचं ऑगस्टमध्येच झालेलं. मी निवांत डबा खात होतो.

मग तो मेसेज आला, १४३(१) ची इंटिमेशन. आईने फोन केला रडवेल्या आवाजात, "नोटीस आलीय रे." तुम्ही तिला आधीच सांगून ठेवलं होतं की हे पत्र सगळ्यांना येतं, एका बाजूला आपण भरलेले आकडे आणि दुसऱ्या बाजूला खात्याने काढलेले, दोन्ही जुळले की विषय संपला, पण घाबरलेल्या माणसाला आधी सांगितलेलं आठवतंय कुठे. पीडीएफ उघडताना मी सवयीने पासवर्डात जुनी तारीख घातली, उघडेना, मग आठवलं की आता पॅनवर पण १ जूनच आहे. दोन्ही रकाने सारखे. चोवीस हजार आणि वर थोडं व्याज खात्यावर जमा, ते व्याज पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचं हे वहीत लिहून ठेवलंय. आदल्या वर्षीचा अडकलेला रिफंड पण पॅन चालू झाल्यावर सुटला.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. आईने पाकीट दिलं तर "ऑफिसात घेते ना मी पगार" म्हणून परत केलंत. त्याबद्दल आईचं तुमच्याशी भांडण चालू आहे, ते तिचं ती बघेल, तिने साडी घेऊन ठेवलीय एवढंच सांगून ठेवतो, नाही म्हणायची तयारी आत्ताच करू नका.

यंदा पॅन चालू झाल्यावर आईने बँकेत १५एच (टॅक्स लागत नाही, टीडीएस कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म) देऊन टाकलाय, शिक्का मारलेली पोच तिच्या फाइलमध्ये आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी रिफंडची वाट बघायला लागू नये. आणि हो, वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही फॅमिली पेन्शन आहे, त्यांचंही पगारातच टाकलेलं निघालं. आई त्यांना येत्या रविवारी तुमच्याकडे घेऊन येतेय. पासबुक भरून आणा, नाहीतर ताई दारातूनच परत पाठवतील, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.

तुमचा,
आईचा पुण्यातला मुलगा