काकी, तुम्ही फांदी धरून राहिलात त्याबद्दल

आदरणीय काकी,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. माझ्या मुलीने फोटोसाठी मोबाईल वर केला तेव्हा 'आमचे नको गो बाय, करवंदांचे काढ' म्हणालात, तेव्हाच कळलं की नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही. पण गप्प बसणंही मला जमत नाही. तुमच्याकडे आम्ही करवंदं काढायला आलो तो रविवार होऊन चार दिवस झाले. रात्री भांडी आवरताना तुमचा तो ओरखडलेला हात डोळ्यांसमोर येतो आणि मी नळ चालू ठेवून तशीच उभी राहते. तुमचा मुलगा हे पत्र वाचून दाखवील.

त्या दिवशी सांगायचं राहिलं, ते आधी सांगते. माझी आई तुमच्या सत्तरी तालुक्यातलीच. म्हादईच्या काठी तिचं माहेर. मे महिन्यात पहाटे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर जाऊन ती भावंडांबरोबर करवंदं काढायची, पानांच्या खोल्यांत, म्हणजे द्रोणांत भरायची आणि माझी आजी ते खोले वाळपईच्या बाजारात नेऊन विकायची. आधी चुर्नां ही रानफळं, मग करवंदं, मग जांभळं. वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून सुटायचा. लग्न होऊन म्हापशाला आली तरी शुक्रवारच्या बाजारात करवंदांचा खोला दिसला की ती हमखास थांबायची, एक उचलून देठ बघायची आणि 'ही कालची' असं विकणारीला तोंडावर सांगायची.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. बांबोळीला गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपीच्या मुलींनी मनापासून केलं, म्हणून ती आज खुर्चीत ताठ बसते. घरी आम्ही मात्र सगळं तिच्या हातात आयतं देत गेलो. सोललेलं केळं, कापलेला मानकुराद आंबा, काटे काढलेला मासा. प्रेमानेच देत होतो. ती काही न बोलता खायची.

जानेवारीत मुलांनी हट्ट धरला म्हणून आम्ही एका बागेत स्ट्रॉबेरी तोडायला गेलो होतो. बागेचं नाव घेत नाही. आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, आई व्हीलचेअरवर आहे, चालेल ना? 'हो हो, या की.' पोचल्यावर फाटकावरच्या माणसाने खुर्चीकडे पाहिलं, आईकडे पाहिलंच नाही, आणि मला म्हणाला, 'त्यांना गाडीतच बसू द्या, आम्ही डबा भरून देतो.' वाफ्यांमधली वाट अरुंद होती, खाली प्लास्टिक अंथरलेलं, ठिबकच्या नळ्या आडव्या, हे मलाही दिसत होतं. अडचण मी समजू शकते. पण रस्त्याला लागून एक वाफा होता. तिथवर पाच मिनिटं नेलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? पैसे त्याने पाचही जणांचे घेतले आणि डबा खिडकीतून आत दिला. आईने तो उघडला नाही. फ्रीजमध्ये चार दिवस राहिला आणि मग मीच तो फेकला.

आपल्याकडे २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो. आईला घेऊन मी गेले होते. रॅम्पवरून खुर्ची अलगद गेली, अनोळखी मुलं वाकून तिच्या डोळ्यांत बघून बोलली. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हे सगळं त्या फाटकापर्यंत का पोचलं नाही? माझा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

म्हणून तुम्हाला फोन केला तेव्हा माझा आवाज कडक होता. त्याची माफी मागते. तुम्ही एवढंच म्हणालात, 'हाडा तिका, पळोवया.' आणा तिला, बघूया.

गडग्यावरून खुर्ची कशी उचलली, तुमच्या मुलाने वाटेतले दगड कसे बाजूला केले, ते राहू दे. मला सांगायचंय ते त्या करवंदीच्या जाळीपाशी काय झालं ते.

मुलं टोपल्या घेऊन केव्हाच पुढे पळाली होती. माझ्या नवऱ्याने नेहमीच्या सवयीने ओंजळभर करवंदं तोडली आणि आईच्या मांडीवर ठेवायला वाकला. तुम्ही नुसता हात मध्ये घातलात. मग आकडीने वरची फांदी खाली ओढलीत आणि आईच्या डाव्या हाताजवळ आणून धरलीत. म्हणालात, 'तूं काड गो, हांव धरतां.'

करवंदीची फांदी मुकाट्याने वाकत नाही. सुटली तर उसळते, आणि काटे सगळे दुहेरी. आकडी टाकून ती तुम्ही हाताने धरलीत, काट्यांमधली जागा बघून. पहिलं करवंद आईच्या बोटांत फुटलं. दुसरं खाली पडलं. तिसऱ्या वेळी तिने अंगठा आणि बोट देठाशी नेलं, जरासा पीळ दिला आणि ते आलं. देठाशी पांढऱ्या चिकाचा थेंब. तिने ते लगेच टोपलीत टाकलं नाही, डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मग चौथं. मग पाचवं.

वीस-पंचवीस मिनिटं तरी झाली असतील. तुमच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे उठले होते. एकातून रक्त आलं, ते तुम्ही पदराला पुसलंत आणि फांदी दुसऱ्या हातात घेतलीत. 'झालं का?' असं एकदाही विचारलं नाहीत. उलट ती हिरवी तोडायला लागली तशा तिलाच रागावलात, 'कच्चीं कित्याक काडटा गो?' काकी, दोन वर्षांत आईला कुणी रागावलं नव्हतं. तिने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाली, 'लो-ण-चं.' तुम्ही म्हणालात, 'बरें तर,' आणि फांदी आणखी वाकवलीत.

तेवढ्यात माझा धाकटा मूठ मिटून धावत आला. 'आजी, कोंबडा का कोंबडी?' हा खेळ त्याला तिनेच शिकवलेला. करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. आईला शब्द काढायला वेळ लागतो आणि आम्ही घाईने तिची वाक्यं पुरी करतो. तेव्हाही माझं तोंड उघडलंच होतं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मी गप्प बसले. बराच वेळ गेला. 'कोंबडा,' आई म्हणाली. त्याने फोडलं तर कोंबडी निघाली, आणि आई एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसणं मी विसरूनच गेले होते.

निघताना तुम्ही खोबरेल तेलाची वाटी आणलीत, कारण चीक साबणाने जात नाही. तिची बोटं तुम्ही चोळत होतात तेव्हा दोघी काहीतरी बोलत होतात. मी मुद्दाम जवळ आले नाही.

चांगली माणसं मला पुष्कळ भेटली आहेत. म्हापशाच्या बाजारात खुर्ची दिसली की स्वतःचा माल आत ओढून घेणारी केळीवाली आहे. आम्ही चढेपर्यंत ड्रायव्हरला थांबवून धरणारा कदंब बसचा कंडक्टर आहे. या लोकांच्या जिवावर आम्ही घराबाहेर पडतो. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही, कुणी सत्कारही करत नाही. समोरचं माणूस त्यांना दिसतं, एवढंच. तुम्हाला त्याहून पुढचं दिसलं. आईला करवंदं हवी आहेत हे आम्हालाही कळलं होतं. ती तिला काढायची आहेत हे मात्र पोटच्या मुलीला कळलं नाही, तुम्हाला कळलं.

आणि तिची करवंदं तुम्ही वेगळी तोललीत. मी पर्स उघडली तर मान हलवलीत आणि पैसे तिच्याच हातून घेतलेत. नोट काढायला तिला किती वेळ लागला ते तुम्ही पाहिलंच. सुट्टे परत दिलेत तेही तिच्याच तळहातावर, एकेक नाणं मोजून.

हिरवी करवंदं आम्ही सोमवारीच घातली. चिरायची मी, मीठ तिचं. मोहरी किती फेसायची यावरून आमचं भांडणही झालं आणि शेवटी तिच्या मनासारखं झालं. बरणीवर फडकं बांधून ती खिडकीत ठेवून घेतली आहे, रोज सकाळी डाव्या हाताने हलवून बघते. लोणचं मुरायला अजून पंधरा दिवस तरी लागतील असं म्हणते. तोवर पाऊस लागेल, सडा निसरडा होईल, पण तुमच्या अंगणापर्यंत गाडी येते. बरणी तीच मांडीवर घेऊन बसणार आहे.

तुमची,
म्हापशाहून आलेली त्या दिवशीची मुलगी