तळमजल्यावर राहूनही लिफ्टचे पैसे भरायची माझी तयारी आहे

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय: वार्षिक सर्वसाधारण सभेपुढील 'जो वापरेल तो भरेल' या ठरावाला विरोध

मा. अध्यक्षसाहेब,
स. न.

सभेची नोटीस मिळाली. मासिक वर्गणी वापराप्रमाणे लावण्याचा जो ठराव सभेपुढे येणार आहे, त्यात तीन गोष्टी आहेत. तळमजल्यावरच्यांना लिफ्टच्या खर्चातून वगळायचे, ज्यांच्या घरी लहान मुले नाहीत त्यांच्याकडून खेळाच्या जागेचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि 'मिळकतकर भरतोच आहोत' म्हणून कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना दर घरामागे दिले जाणारे शुल्क बंद करायचे. मी तळमजल्यावर राहते. माझी मुले केव्हाच मोठी झाली. म्हणजे ठराव मंजूर झाला तर माझे बिल कमीच होईल. तरी मी विरोधात मत देणार आहे, आणि त्याची कारणे सभेआधी सगळ्यांपर्यंत पोचावीत अशी माझी इच्छा आहे.

लिफ्टपासून सुरुवात करते. आदर्श उपविधींत, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीत, क्रमांक ६७ मध्ये खर्चाची वाटणी कशी करायची ते सांगितले आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे, तिथल्या सर्व सभासदांनी तिचा खर्च सारखा उचलायचा, मग ते लिफ्ट वापरोत किंवा न वापरोत, असे तिथे स्पष्ट आहे. त्यामुळे बहुमताने ठराव झाला तरी कुणी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे गेले की तो टिकणे अवघड आहे. पण नियमावर बोट ठेवून विषय संपवावा असे मला वाटत नाही. लिफ्टच्या एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, रक्कम आपण किती फेऱ्या मारतो त्यावर ठरत नाही, ती वर्षाची ठरलेली असते. सरकारी तपासणीही फेऱ्या मोजून होत नाही. मी पैसे भरले नाहीत म्हणून एकूण खर्च रुपयानेही कमी होणार नाही. माझा वाटा फक्त वरच्यांच्या डोक्यावर जाईल.

आणि हाच हिशेब पुढे नेला तर काय होईल? गच्ची गळते तेव्हा ओल सर्वांत वरच्या मजल्यावर उतरते. मग वॉटरप्रूफिंगचा खर्च फक्त वरच्यांनी करायचा का? आपण तो सगळ्यांनी मिळून केला, आणि ते बरोबरच होते. ड्रेनेजचा चेंबर तुंबतो तेव्हा घाण पाणी वर कुणाकडे जात नाही, ते आमच्या तळमजल्याच्या बाथरूममध्ये येते. पण त्या पाइपमधून येणारे पाणी सगळ्या मजल्यांचे असते. उद्या कुणी म्हणाले की चेंबरचा त्रास तळमजल्याला आहे, तर तळमजल्यानेच उपसावा, तर मी काय उत्तर देऊ? आज लिफ्टमधून अंग काढून घेतले, तर उत्तर देण्याचा हक्कच माझ्याकडे राहणार नाही. संस्थेच्या नावात 'सहकारी' हा शब्द आहे. घर घेताना आपण सगळे त्याखाली सही करून आत आलो आहोत.

खेळाच्या जागेबद्दल फार लिहीत नाही. घसरगुंडी आणि झोपाळ्याच्या दुरुस्तीचा खर्च वर्षाच्या ताळेबंदात शोधावा लागतो इतका लहान आहे. तेवढ्यासाठी मुलेवाले आणि बिनमुलांचे अशी यादी करायला बसणे मला मनापासून नकोसे वाटते.

खरा प्रश्न कचऱ्याच्या शुल्काचा आहे, आणि तो मला सर्वांत जास्त लागला. आपल्याकडे येणाऱ्या दोघी ताई 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. कचराकुंड्यांत हात घालून भंगार वेचणाऱ्या बायकांना कामगार म्हणून मान मिळावा, यासाठी तिने लढा दिला. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' आली आणि २००८ मध्ये पालिकेने तिच्याशी करार केला. त्या व्यवस्थेत ताईंना पालिका पगार देत नाही. त्यांची कमाई म्हणजे घरोघरी मिळणारे शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणारे विकाऊ भंगार. दारापासून गाडीपर्यंतचे काम त्या करतात. पुढची वाहतूक आणि प्रक्रिया पालिका करते, आणि त्यासाठी आपला कर जातो.

म्हणजे 'कर भरतो, मग वेगळे पैसे कशाला' हा सवाल चुकीच्या माणसाला विचारला जातो आहे. दारातून कचरा उचलण्याची मजुरीही करातूनच दिली जावी, असे कुणाचे मत असेल तर ते रास्त आहे. तसे निवेदन पालिकेला द्या, त्यावर सही करायला मी सगळ्यांच्या आधी येईन. पण ती सोय होण्याआधी शुल्क थांबवले, तर पालिकेच्या तिजोरीत काही फरक पडणार नाही. फरक पडेल तो ओला-सुका वेगळा करत, पावसात ढकलगाडी ओढत जाणाऱ्या बाईच्या घरात. आपल्या वर्गणीत हा आकडा सर्वांत लहान आकड्यांपैकी आहे, आणि कपात सुचवताना पहिली नजर तिथेच गेली, याचे मला फार वाईट वाटले.

मिळकतकराचाच विषय निघाला आहे, तर बिल जरा पुरते वाचावे. त्यात सर्वसाधारण कराखाली अग्निशमन कर, वृक्षकर, शिक्षण कर अशा वेगवेगळ्या ओळी असतात. आपल्यापैकी बहुतेकांची मुले पालिकेच्या शाळेत गेली नाहीत, आणि अग्निशमनची गाडी आपल्या दारात यावी असे कुणालाच वाटत नाही. तरी त्या ओळी सगळ्यांच्या बिलात असतात, आणि असायलाच हव्यात. ज्याला सेवा लागेल त्याने तेव्हा पैसे द्यावेत असे म्हटले, तर आग लागेल त्या दिवशी गाडीच उभी नसेल.

नोकरीत असताना माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जाई. अनेकांना वाटते की हे पैसे कुठे जातात ते कळतच नाही. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायच्या कामावर होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना अशी की काम मागणाऱ्याला काम देण्याची जबाबदारी सरकारची, आणि त्याचा भार शहरातल्या पगारदारांनीही उचलायचा. पुढे त्याचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा आला त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. मी कधी रोजगार हमीच्या कामावर गेले नाही, जाणारही नाही. तरी पगाराच्या पावतीवरच्या कपातींत हीच एक ओळ अशी होती की तिच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

वापराप्रमाणे पैसे घेऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. जिथे एकाच्या वापराने दुसऱ्याचा खर्च वाढतो, तिथे जरूर घ्यावेत. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. त्या दिवसांत कुणी नळीने गाडी धुतली तर त्याचा भुर्दंड शेजाऱ्याला पडतो. आज उपविधींप्रमाणे पाण्याचे पैसे नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर लागतात, त्यामुळे जपून वापरणाऱ्याला त्याचा काहीच फायदा मिळत नाही. प्रत्येक सदनिकेला मीटर बसवण्याचा खर्च काढावा आणि त्यासाठी रीतसर उपविधी दुरुस्तीचा प्रस्ताव आणावा. दुसऱ्या चारचाकीचे पार्किंग शुल्कही वाढवावे. आवारातली जागा ठरलेली आहे, आणि दुसरी गाडी ती अडवते. बचत हवी असेल तर या दोन ठिकाणी शोधावी.

माझ्या विनंत्या अशा. हे पत्र सभेत वाचून दाखवावे. ठरावातील तीनही गोष्टींवर एकत्र मत न घेता वेगवेगळे मत घ्यावे, म्हणजे लिफ्टच्या वादात कचऱ्याचे शुल्क नकळत बंद होणार नाही. गेल्या ३ वर्षांचा टँकर, वीज, एएमसी आणि सफाईवरचा खर्च सभेच्या किमान ३ दिवस आधी सूचना फलकावर लावावा. आणि सभेच्या दिवशी त्या दोघी ताईंना अर्धा तास बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. त्या यायला तयार आहेत, मी विचारले आहे.

कळावे,

आपली नम्र,
तळमजल्यावरील एक सभासद