हाच ना, वयनी?

म्हापसा,
रविवार रात्र

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. चतुर्थीला तू येऊन गेलास त्यानंतर माझं ना पत्र ना फोन. तुझे मिस्ड कॉल बघितले, ठेवले आणि राहूनच गेलं. शिव्या घालायच्या त्या घालून घे. माझी शुगर ठीक, सुलभाचा गुडघा होता तसाच. झालं आरोग्य. हे फोनवर बोलता येत नाही, कारण आमच्या घरात फोन एका खोलीत आणि कान सगळ्या खोल्यांत. म्हणून हाताने लिहितोय. मुक्ता पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. अक्षराला हसू नकोस, तुझंही काही मोत्यासारखं नव्हतं.

सुलभाचं मंगळसूत्र गेलं. शुक्रवारचा बाजार करून येत होती, बोडगेश्वराच्या अलीकडे, शेताकडेच्या रस्त्यावर. मागून स्कूटर आली, वर दोघे. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागचा उघडा. ओढलं ते मागच्याने. अर्धा सर हिच्या मुठीत राहिला, वाट्या आणि उरलेला सर गेला. मी पोचलो तेव्हा ती कडेला दगडावर बसली होती आणि भाजीवाल्याचा पोरगा मातीतून काळे मणी वेचून तिच्या चष्म्याच्या डबीत टाकत होता. मानेवर तांबडा वळ. ‘वाट्या बाबांनी केलेल्या होत्या’ एवढंच बोलत होती. तुला तिचे बाबा माहीत आहेत, त्यामुळे पुढचं लिहीत नाही.

तक्रार लिहून घेताना शिपायाने विचारलं, मागचा कसा होता? ही म्हणाली, उंच, काळा, कुरळे केस, पिवळा टीशर्ट. तो म्हणाला, “नायजेरियन?” ही म्हणाली, “होय, तसलाच.” कागदावर ‘तसलाच’ आलं नाही, नायजेरियन आलं.

मग काही दिवसांनी आम्हाला बोलावलं. एका हवालदाराने खिशातून मोबाइल काढला, एकच फोटो, हिच्यासमोर धरला. “हाच ना, वयनी?” ही चष्मा सावरून बघत राहिली आणि म्हणाली, “हाच.” मी शेजारी उभा. त्या क्षणी माझ्या पोटात जे झालं ते तुलाच कळेल, कारण मला बेळगावचा स्टँड आठवला. ती बाई तुझ्या चौकटीच्या शर्टाला धरून “हाच, हाच” ओरडतेय, भोवती माणसं जमतायत, आणि बाबल मूर्खासारखा हसतोय. (त्यावरून तुम्ही दोघं गोकाकपर्यंत बोलला नाहीत, आणि दोघांच्या मध्ये मी, माझ्या मांडीवर दोघांच्या पिशव्या. ते मी अजून विसरलेलो नाही.) पेद्रूने खरा चोर तिकीट खिडकीपाशी धरला नसता तर तुझं काय झालं असतं? आणि ती बाई खोटं बोलत नव्हती रे. तिला खरंच तू दिसला होतास.

बाहेर पडताना तो माणूस मी बघितला. बाकावर बसवला होता. शिपायाला म्हणाला, “सायबा, मातशें उदक दी.” दत्ता, कोंकणी! आपल्यापेक्षा जरा निराळ्या हेलाची, पण कोंकणी. नायजेरियन कसला, तो हल्याळकडचा सिद्दी. कळंगुटला एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम आणले, त्यातले कितीतरी गोव्यातून पळून घाटापलीकडच्या रानात गेले, यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याकडे, त्यांची ही माणसं. २००३ साली त्यांना कर्नाटकात अनुसूचित जमातीत घेतलं. म्हणजे ज्याचे पूर्वज आपल्या गोव्यातून जीव घेऊन पळाले, तो पोटासाठी परत आला आणि आपण त्याला परदेशी करून टाकला.

आता एक स्पष्ट लिहितो, म्हणजे तू लगेच माझ्यावर धावून येणार नाहीस. तो चोर असेलही. मी काही त्याचा वकील नाही. सिद्दी आहे म्हणून साधू ठरत नाही. पण सुलभाने त्याला ओळखलं, याला मला काही अर्थच वाटत नाही, आणि ते मी तिला सांगू शकत नाही, ही माझी पंचाईत.

मुक्ता कायदा शिकते ना पणजीला, तिला विचारलं, तर तिने मला पंधरा दिवस पुरेल एवढं ऐकवलं. स्वतःच्या लोकांपेक्षा निराळ्या वंशाचे चेहरे ओळखताना माणूस जास्त चुकतो, हे गेली पन्नासेक वर्षं तपासून बघतायत. २००१ साली दोघा संशोधकांनी तोवरचे सगळे प्रयोग एकत्र केले, जवळजवळ ५,००० माणसांवरचे. न पाहिलेल्या चेहऱ्याला ‘पाहिलाय’ म्हणण्याची चूक परक्या वंशाच्या बाबतीत दीडपटीहून थोडी जास्त निघाली. आणि गंमत म्हणजे मनात द्वेष किती आहे याच्याशी त्या चुकीचा फारसा संबंध नाही. सवयीचा आहे, तोही थोडासाच. आपली सुलभा कोणाचा द्वेष करणारी बाई नव्हे, मागे दुकानात ते नायजेरियन पोरगे यायचे त्यांना ही दोन लिमलेट जास्तच द्यायची. पण त्यातला एक कोण आणि दुसरा कोण हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

तिलाच कशाला? हणजुण्याचे हिप्पी आठव. बाबलाच्या आईने एका लांब केसवाल्याला अंडी उधार दिली आणि पैसे मागितले दुसऱ्याच लांब केसवाल्याकडे. त्या बिचाऱ्याने दिलेही. तू मात्र छाती काढून सांगायचास, मला सगळे वेगवेगळे ओळखू येतात, आणि त्या डच पोरीला तिच्या मैत्रिणीच्या नावाने हाक मारलीस. तेव्हा फक्त अंड्यांचा आणि तुझ्या इभ्रतीचा प्रश्न होता.

ही गोष्ट जन्मतः नसते म्हणे. तीन महिन्यांचं बाळ कुठल्याही वंशाचे चेहरे सारखेच वेगळे ओळखतं, नऊ महिन्यांचं झालं की फक्त घरच्यासारखे. तेव्हा तुझ्या नातवाला आताच सगळं जग दाखवून घे. (शर्वरी बाळंतपणातून बरी उठली हे ऐकून बरं वाटलं. नाव काय ठेवलं ते कळव.) आणि कोरियात जन्मलेली, लहानपणी फ्रान्समध्ये दत्तक गेलेली पोरं मोठेपणी गोऱ्यांचे चेहरे जास्त चांगले ओळखत होती, स्वतःसारखे दिसणाऱ्यांचे कमी. म्हणजे रक्ताबिक्ताचं काही नाही.

मुक्ताने एक प्रकरण सांगितलं ते डोक्यातून जात नाही. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात, १९८४ साली जेनिफर थॉम्पसन नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या गोऱ्या मुलीवर घरात घुसून एका काळ्या माणसाने बलात्कार केला. त्याही वेळी ती त्याचा चेहरा मुद्दाम निरखत राहिली, जगले वाचले तर याला ओळखायचंच म्हणून. फोटोंतून तिने रोनाल्ड कॉटनला निवडलं, मग ओळख परेडमध्येही, म्हणजे संशयिताला इतरांबरोबर रांगेत उभं करून ओळखायला सांगतात त्यातही, त्यालाच. वर पोलिसांनी सांगितलं, फोटोतही तू याच्यावरच बोट ठेवलं होतंस. झालं, ती निर्धास्त. खरा गुन्हेगार बॉबी पूल, तोही काळाच, पुढे त्याच तुरुंगात येऊन पडला. १९८७ साली फेरखटल्याच्या वेळी त्याला कोर्टात तिच्यासमोर उभा केला, तर ती म्हणाली, याला मी कधी पाहिलेलंच नाही. १९९५ साली डीएनए तपासला तेव्हा कॉटन सुटला, दहा वर्षांहून जास्त आत काढून. आणि तिने तर चेहरा पाठ केला होता! सुलभाने काय पाहिलं? मला विचारशील तर एक हात पाहिला.

तिच्या डोळ्यांचं राहू दे, तो ‘नायजेरियन’ शब्द कुठून आला सांग. २०१३ साली त्यांच्यातल्या एकाचा खून झाला आणि पर्वरीला त्यांनी महामार्ग अडवला, तेव्हा आपला एक मंत्री त्यांना कॅन्सर म्हणाला होता. मागून दिलगिरी आली, पण शब्द राहिला. त्यानंतर ड्रग्जची प्रत्येक बातमी आपण चहाबरोबर वाचतोच आहोत. बंगळुरूचं तर त्याहून भयंकर. २०१६ साली एका सुदानी माणसाच्या गाडीखाली एक बाई मेली, आणि थोड्या वेळाने तिथून जाणाऱ्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने मारलं, तिची गाडी जाळली. सुदान कुठे, टांझानिया कुठे, पुरुष कुठे, मुलगी कुठे! ओळखण्याचा प्रश्नच आला नाही.

गुरुवारी ओळख परेड आहे. साक्षीचा कायदा बदलला, १८७२ चा गेला आणि १ जुलै २०२४ पासून नवा आला. जुन्याचं कलम ९ ते नव्याचं ७, बाकी तेच. दंडाधिकारी परेड घेणार, पोलीस तिथे असता कामा नये, आणि संशयिताबरोबर त्याच्यासारखे दिसणारे निदान अर्धा डझन तरी उभे हवेत. आता तू मला सांग, बार्देशात एका दिवसात अर्धा डझन सिद्दी कोण गोळा करणार? उभे करतील आपलेच कोणीतरी, एक पेडण्याचा, एक बिहारचा, एक विजापूरचा. त्यात तो एकटा. मग डोळे मिटूनही बोट त्याच्यावरच जाईल.

आणि जरी अर्धा डझन सिद्दी आणले, तरी सुलभा शोधणार तो मोबाइलमधला चेहरा. स्कूटरवरचा आता तिच्याजवळ उरलाच नाही, त्याच्यावर फोटो बसला. साक्षीदाराला आधी दाखवलेला माणूस परेडमध्ये ओळखला तर त्या परेडला कोर्टात फारशी किंमत राहत नाही, असं मुक्ता म्हणते. त्या हवालदाराने दोन्ही बाजूंनी घाण केली. हा खरा चोर असला तर वकील याच मुद्द्यावर सोडवून नेईल. चोर नसला तर लाँड्रीतल्या माणसाला असा वकील मिळेपर्यंत किती दिवस जातील, कोण जाणे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच सांगितलं की ओळखीवरच सगळा खटला उभा असेल तर दुसऱ्या वंशाचा माणूस ओळखण्यातल्या या चुकीबद्दल ज्यूरीला बजावा. आपल्याकडे ज्यूरीच नाही. न्यायाधीशाला ठाऊक असेल तर असेल.

सुलभाकडे विषय काढून बघितला. जेवायला बसलो होतो. म्हटलं, तुझी खात्री आहे ना? तिने ताट बाजूला सारलं. “तुम्हाला बायकोपेक्षा चोराचा पुळका. गळा माझा ओढला, बघितलं मी, आणि खात्री तुम्ही विचारणार?” यावर काय बोलू? तिचं चूक नाही. तिला कोणी विचारलंच नाही नीट, सगळ्यांनी सांगितलंच. त्या रात्रीपासून आमच्यात मीठ-तिखटापुरतं बोलणं आहे. राजभाषेच्या वेळी तू मराठीवाला आणि मी कोंकणीवाला म्हणून वर्षभर आपण एकमेकांचं तोंड बघत नव्हतो, ते सोपं होतं, घरं वेगळी होती.

आणखी एक सांगतो. ती रात्री उठून बसते. स्कूटरचा आवाज आला की हात गळ्याकडे जातो. तेव्हा मला वाटतं, गेला खड्ड्यात तो सिद्दी, हिला शांत झोप लागू दे, कोणी का आत जाईना. मग ते ‘मातशें उदक दी’ ऐकू येतं. शिपायाने दिलं नाही, बरं का. मीच बाटली पुढे केली, तर तो आधी शिपायाकडे बघून मग प्याला.

म्हणून तुला साकडं. ती माझं ऐकणार नाही, मुक्ता तिला कालची पोर वाटते, पण तुझं ती ऐकते, का ते देव जाणे. तिला फोन कर. केस सोड म्हणू नकोस, फोटोचं काढू नकोस, वंशबिंश तर मुळीच नको. बेळगावचं सांग. मी सांगितलं तर गोष्ट होते, तुझ्या तोंडून ऐकणं वेगळं. तिला ते कधी नीट कळलेलं नाही, बाबल सांगतो ते विनोदी कलमच तिला माहीत. त्या बाईची मूठ शर्टावर असताना तुला काय वाटत होतं ते सांग. आणि बोलता बोलता एवढं घाल की परेडमध्ये ‘मला ओळखता येत नाही’ म्हणायची मुभा असते, त्याने कोणी तिला खोटारडी म्हणणार नाही. पुढे ती काय करायचं ते करील.

अलकाच्या दातांचं काय झालं? घर विकायचं खरंच ठरवलंस की नुसतं बोलतोस? विकायचं असेल तर आधी मला विचार, बाबलाला नको.

तुझा,
गजा

ता. क. फोन साडेआठनंतर कर, त्याआधी तिची मालिका असते आणि तेव्हा ती देवाचाही फोन घेत नाही. मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस. आंबाड्याच्या लोणच्याची कृती विचारायला केलास असं दाखव. लोणचं तुला आवडत नाही हे ती विसरली असेल.