देवबागच्या त्या मावशींचे आणि रापणकर दादांचे आभार

मे महिन्यात आम्ही सहकुटुंब मालवणजवळच्या देवबागला गेलो होतो. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या सासऱ्यांच्या घोट्याजवळ पाकटाने, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशाने, काटा मारला. वय सत्तरीच्या पुढचं, त्यात मधुमेह. वेदनेने ते पांढरेफटक पडले.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारे दोघे दोर दुसऱ्यांच्या हाती देऊन धावत आले आणि त्यांनी बाबांना उचलून जवळच्या घराच्या पडवीत नेलं. तिथल्या मावशींनी चुलीवर पाणी तापवलं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवला की पाकटाचं विष उतरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मधुमेहामुळे बाबांच्या पायाला चटका कळत नाही, म्हणून तासभर मावशी दर वेळी आधी स्वतःचा हात पाण्यात घालून बघत होत्या. "वहिनी, घाबरू नकात," असं मला सांगत त्यांनी रडणाऱ्या माझ्या मुलीला पेजही भरवली.

दादांनी रिक्षा आणली आणि मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात जखम साफ होऊन धनुर्वाताचं इंजेक्शन मिळेपर्यंत ते ओल्या कपड्यांनी थांबले. त्या दिवशीचा मासळीचा वाटाही त्यांनी सोडला असणार.

बाबा आता ठणठणीत चालतात. मावशी, दादा, तुमचे मनापासून आभार. दिवाळीत बाबांना घेऊन भेटायला येतोय.