तपासणी टेबलाची उंची खाली आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मणक्याच्या दुखापतीनंतर गेली अकरा वर्षे मी व्हीलचेअर वापरते. पलंगावर, कमोडवर, मोटारीच्या सीटवर मी कुणाच्याही मदतीशिवाय सरकते. अडते ते दवाखान्यातल्या तपासणी टेबलापाशी. गादीसह माझ्या खुर्चीची बैठक सुमारे ५० सेंटिमीटरवर आहे आणि ही टेबले बहुधा ७५ ते ८० सेंटिमीटर उंच असतात.

खुर्ची किंचित तिरकी लावायची, ब्रेक घट्ट करायचे, खुर्चीचा बाजूचा हात काढायचा आणि एक मूठ समोरच्या पृष्ठभागावर, दुसरी आपल्या गादीवर टेकवून, डोके उलट दिशेला झुकवत कंबर उचलायची, असे हे सरकणे असते. दोन्ही बैठका एका पातळीत असल्या की ते क्षणाचे काम. चार बोटे चढ असला तरी सारा ताण खांद्यांवर येतो, आणि आमचे पाय म्हणजे हे खांदेच आहेत.

गेल्या महिन्यात एका रुग्णालयात दोन वॉर्डबॉय मामांनी काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून मला वर चढवले. गाऊन वर सरकला होता, पण तो सावरायला माझा हात मोकळा नव्हता. त्याआधी एका डॉक्टरांनी ‘राहू द्या, बसूनच बघतो’ म्हणून तपासणी आटोपली होती. संवेदना नसलेल्या बैठकीच्या जागी दाबाने जखम होत आहे का, हे खुर्चीत बसलेल्या माणसाचे कसे दिसणार?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ नुसार सरकारी व खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश मिळेल, अशी व्यवस्था करणे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात ही व्यवस्था दारातल्या रॅम्पपाशीच थांबते. अमेरिकेत २०२४ मध्ये अशा टेबलांची किमान उंची १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटरपर्यंत खाली यावी, असे मानक ठरले.

आरोग्य विभागाने आणि महापालिकांनी यापुढच्या खरेदीच्या निविदांमध्ये एवढी खाली येणारी टेबले मागावीत. टेबलाच्या चाकांना पक्के लॉक, धरायला मूठ, गोलाई दिलेल्या कडा आणि शेजारी खुर्ची उभी राहील इतकी मोकळी जागा हवी. प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात निदान एक तरी असे टेबल लवकर यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा