जागा वाढल्या, जागेचे काय?

महोदय,

‘जागा’ या एका शब्दाने आपल्याकडे मोठा घोळ करून ठेवला आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या जागा वाढल्या म्हटले की एमबीबीएसचे प्रवेश डोळ्यांसमोर येतात. विद्यार्थ्याने बसायची, उभे राहायची, हात धुवायची जागा कुणाला आठवत नाही. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाच्या वेळी अनेक सरकारी महाविद्यालयांत शंभराचे दीडशे, दीडशेचे दोनशे आणि दोनशेचे अडीचशे झाले. इमारती त्याच राहिल्या. मग ९ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच दिवशी दहा नव्या सरकारी महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. यातल्या बहुतेक ठिकाणी असलेल्या रुग्णालयाला जोडून, मिळेल त्या इमारतीत वर्ग बसवायचे आणि कायमचे संकुल यथावकाश उभारायचे, असाच शिरस्ता आहे. हे ‘यथावकाश’ अजून हातात आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

नवे संकुल म्हटले की आधी प्रशस्त गॅलरी (पायऱ्यांवर आसने असलेले व्याख्यानगृह) आणि वातानुकूलित सभागृह आखले जाते. शिकवण्याची पद्धत मात्र बदलली आहे. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्राला व्याख्यानाचे २२० तास होते, तर छोट्या गटांतील शिकवण आणि प्रात्यक्षिकांचे ४१५. शरीरक्रियाशास्त्रात हेच आकडे १६० आणि ३१०. पुढे तासांत थोडा फेरफार झाला, पण कल तोच आहे. म्हणजे विद्यार्थ्याचा बराचसा वेळ पंधरा-पंचवीस जणांच्या गटात जायचा आहे आणि आपण खोली बांधतो दोनशे जणांची.

हिशेब सोपा आहे. दीडशे प्रवेशांच्या महाविद्यालयात वीस टक्के जादा आसने धरून १८० जणांची गॅलरी लागते. माणशी सव्वा चौरस मीटर धरले तर सव्वादोनशे चौरस मीटर, शिवाय दुप्पट उंची. पंचवीस जणांच्या प्रात्यक्षिक खोलीला फळा आणि शिक्षकाची जागा धरून चाळीस चौरस मीटर पुरतात. एका गॅलरीच्या जागेत अशा पाच खोल्या बसतात आणि वर आणखी एक मजला मिळतो. गॅलरी नकोच असे नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची आणि अंतिम वर्षाची मुले सकाळी वॉर्डात असतात, त्यामुळे मधल्या तीन तासांत गॅलरी लागते ती फक्त पहिल्या वर्षाला. तिच्यासाठी भांडण होते ते सकाळी आठ-नऊला आणि दुपारी दोनला. ते वेळापत्रकाने सोडवायचे, सिमेंटने नव्हे. एकदा पायऱ्यांचा स्लॅब ओतला की त्या खोलीचे पुढे दुसरे काही करता येत नाही. म्हणून एकच गॅलरी पायऱ्यांची करावी, बाकी व्याख्यानकक्ष सपाट जमिनीचे असावेत.

सपाट हॉल हाताशी असला की तो मधोमध दुभागायची कल्पना निघतेच. ॲल्युमिनियमची चौकट, प्लायवुडचे पार्टिशन, आठ दिवसांत काम. हे पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेले तर आवाज वरच्या पोकळीतून पलीकडे जातो आणि एकीकडच्या औषधशास्त्रात दुसरीकडचे विकृतीशास्त्र मिसळते. पार्टिशन स्लॅबला भिडवून वरची फट बुजवावी लागते. दोन्ही भागांतल्या पंख्यांची बटणे एकाच बाजूला राहतात, ती वेगळी करावी लागतात. सगळ्यात धोक्याचे म्हणजे हॉलला दोन दारे असतील तर दुभागल्यावर प्रत्येक वाट्याला एकच उरते. सत्तर-ऐंशी माणसांच्या खोलीला एकच दार, तेही बहुधा आत उघडणारे. असे बदल बांधकाम खात्याच्या किरकोळ दुरुस्तीत बसवले जातात, त्यामुळे अग्निशमनाचा नकाशा पुन्हा तपासायची वेळच येत नाही.

शवविच्छेदन कक्षाकडे नियोजनात सर्वांत कमी लक्ष जाते. पहिला प्रश्न टेबले किती हा. दीडशे मुले एकदम आत घ्यायची तर एका देहाभोवती दहा या हिशेबाने पंधरा टेबले आणि पंधरा देह लागतील. पन्नास मुले विच्छेदनाला, पन्नास ऊतिशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकांवर आणि पन्नास प्रात्यक्षिक खोलीत अशी फिरती ठेवली तर कागदावर पाच टेबले पुरतात. पण एकाच देहावर तीन तुकड्या आळीपाळीने आल्या तर पहिली कापते आणि उरलेल्या दोन नुसत्या बघतात. म्हणून आठ टेबले धरावीत. टेबल साधारण २.१ मीटर लांब आणि ०.७५ मीटर रुंद. लांबीच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी १.२ मीटर आणि टोकांना मिळून ०.९ मीटर सोडले की एका टेबलाला साडेनऊ चौरस मीटर लागतात. आठांचे सुमारे पंचाहत्तर. मधली वाट, बेसिने, हाडांचे कपाट धरून १३० चौरस मीटरचा हॉल चालतो. विच्छेदनाची इमारत हवी तर हवी, पण तिचा आकार वेळापत्रक कसे लावले यावर ठरतो.

दुसरा प्रश्न हवेचा. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मलिनमधल्या फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसाला कर्करोग करणारा पदार्थ ठरवले. फॉर्मलिनची वाफ देहावरून निघते आणि टेबलाच्या उंचीवरच रेंगाळते. नेहमीचा पंखा मात्र छतालगतच्या झरोक्यात बसवलेला असतो. तो चालू केला की वाफ टेबलावरून उठून वाकलेल्या मुलांच्या नाकाडोळ्यांसमोरून वर जाते; डोळे चुरचुरतात, मुले बाहेर पळतात आणि पंखा निकामी आहे अशी तक्रार होते. पंखा चांगला असतो, जागा चुकलेली असते. शोषण गुडघ्याच्या पातळीवर, टेबलाशेजारी हवे, आणि ताजी हवा समोरच्या भिंतीतून वरच्या अंगाने यायला हवी. तासाला निदान बारा वेळा हवा बदलावी हा ठोकताळा धरला तर १३० चौरस मीटर आणि ३.६ मीटर उंचीच्या हॉलला ताशी सुमारे ५,६०० घनमीटर हवा खेचावी लागते. पंख्यांची क्षमता या आकड्याशी ताडून घ्यावी, संख्येवर जाऊ नये. हॉलला स्प्लिट एसी बसवणे तर उलटेच काम आहे. तो आतलीच हवा गार करून फिरवतो आणि एसी लावला म्हणून खिडक्या बंद होतात.

जमिनीला उतार हवा आणि गटाराच्या जाळीखाली सहज काढता येणारी टोपली हवी, कारण चरबीने जाळी आठवड्याभरात तुंबते. हॉल तळमजल्यावर असावा. आठ माणसांच्या साध्या लिफ्टची आतली लांबी मीटर-सव्वा मीटर असते, स्ट्रेचर दोन मीटरचे. महाराष्ट्राचा शरीररचनाशास्त्र अधिनियम १९४९ चा आहे. त्याखाली स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची पार्थिवे येतात, सोबत नातेवाईक असतात. जिन्यावरून चौघांनी देह तोलत न्यायचे दृश्य त्यांनी पाहावे, हे बरे नव्हे.

आता रुग्णालयाकडे. शंभर प्रवेशांना ४२० खाटा लागतात. खाटा मोजल्या जातात, पण खाटेभोवती मुले कुठे उभी राहणार हे पाहिले जात नाही. दोन खाटांमध्ये दीड मीटर अंतराचा निकष पाळला तरी खाटेच्या एका बाजूला सहा-सात जण मावतात, तेही शेजारच्या रुग्णाच्या खाटेला पाठ टेकून. पंधरा मुलांची तुकडी आली की मागच्या रांगेला ना रुग्ण दिसतो ना शिक्षकाचा आवाज येतो. त्यासाठी प्रत्येक वॉर्डाला लागून वीस-पंचवीस जणांची खोली हवी: रुग्णाची माहिती खाटेशी घ्यायची, चर्चा खोलीत करायची. नकाशात ही खोली असतेही. दोन वर्षांनी तिथे सलाइनची खोकी किंवा निवासी डॉक्टरांची गादी असते. त्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने केलेल्या संपात वसतिगृहांची मागणी पुढे होती ती उगाच नव्हे. झोपायची खोली बांधली नाही तर शिकवायची खोली झोपायला जाते.

खोल्या अडकतात त्या आणखी एका कारणाने: निर्लेखन, म्हणजे निकामी सामान नोंदवहीतून उतरवणे. मोडके ऑटोक्लेव्ह, जुने क्ष-किरण यंत्र, पाय तुटलेल्या खाटा डेडस्टॉक रजिस्टरवर असतात. नोंद उतरल्याशिवाय भंगारात देता येत नाहीत, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव समितीच्या सह्यांसाठी टेबलाटेबलावर फिरत राहतो. तोवर एखादी खोली कुलूपबंद. ती भरली की सामान मार्गिकेत येते. दोन स्ट्रेचर शेजारून जायला २.४ मीटर रुंदी लागते, तिथे एका भिंतीला कपाटांची रांग लागली की तेवढी उरत नाही.

रिकामी वर्गखोली दिसली की तिथे जुने केसपेपर हलवायचा मोह होतो. तो आवरावा. भारतीय मानकानुसार वर्गखोलीची जमीन चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो भाराची धरलेली असते. पुस्तकांच्या उभ्या रॅकना ६ आणि रुळांवर सरकणाऱ्या दाट रॅकना किमान १० लागतात. कागद फार जड असतो. भेगा खालच्या मजल्याच्या छताला पडतात, त्यामुळे वरच्यांना पत्ताच नसतो.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक खोलीला एक क्रमांक, मोजलेले क्षेत्रफळ, आसने, किल्ली कुणाकडे आणि प्रत्यक्ष वापर काय, एवढ्या पाच रकान्यांची एकच नोंदवही अधिष्ठात्यांच्या कार्यालयात असावी. क्षेत्रफळ लेसर मीटरने मोजावे, जुन्या नकाशातून उतरवू नये. भिंती सरकलेल्या असतात. मग दोन साध्या आठवड्यांत दर तासाला एकाने फिरून खोलीत किती माणसे आहेत ते लिहावे. परीक्षेचा, गणपती-दिवाळीचा आणि तपासणीचा आठवडा वगळावा. तपासणीच्या आठवड्यात तर स्टोअररूमलाही ‘प्रात्यक्षिक कक्ष’ अशी पाटी लागते. समजा १८० आसनांची गॅलरी आठवड्यातल्या ४२ तासांपैकी २१ तास चालली आणि सरासरी नव्वद मुले बसली, तर वापर निम्म्याचा निम्मा, म्हणजे पंचवीस टक्के. असा आकडा हाती असताना दुसऱ्या गॅलरीचा प्रस्ताव पाठवताना हात जरा अडखळेल.

१ मे २०२५ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अध्यापकांची हजेरी चेहरा ओळखून घ्यायला सुरुवात केली आहे. अध्यापक हजर आहे की नाही ते आता दिल्लीत कळते, पण तो ज्या खोलीत शिकवतो तिची चावी कुणाच्या खिशात आहे हे त्याच मजल्यावर कळत नाही. आपल्याकडे खोली ‘विभागाची’ असते. विभागप्रमुख बदलले तरी कुलूप तेच. दहा नव्या महाविद्यालयांत ही सवय अजून रुजलेली नाही. तिथे पहिल्या दिवसापासून वर्गखोल्या आणि प्रात्यक्षिक खोल्या सामायिक ठरवाव्यात, विभागाला फक्त कार्यालय, संग्रहालय आणि प्रयोगशाळा द्यावी. आणि वैद्यकीय शिक्षण विभागाने इमारतींच्या प्रस्तावांना प्रशासकीय मान्यता देताना नकाशासोबत चारही वर्षांचे एकत्र वेळापत्रक आणि ही नोंदवही मागावी. आज नकाशा आणि खर्चाचा अंदाज एवढ्यावरच काम पुढे सरकते.

– रुग्णालय नियोजनाच्या क्षेत्रातील एक वाचक, नागपूर