तुझ्या पिशवीतली माती

प्रिय विद्या,
सप्रेम नमस्कार.

पार्सल मिळालं. चकल्या त्याच संध्याकाळी संपल्या. खाली ठेवलेल्या मातीच्या पिशवीबद्दल मात्र फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून हे पत्र.

नेवाशाजवळ प्रवरेच्या दरडीत जिथे चर्टचे (गारेसारख्या कठीण दगडाचे) हत्यारं घडवताना उडालेले छिलके दिसले तिथलीच माती तू पारदर्शक पिशवीत भरलीस आणि चिठ्ठीत लिहिलंस, 'वय काढून सांग.' बाई गं, वर ती उन्हात वाळवूनही घेतलीस! आमच्या हिशोबाने तिचं वय आता शून्य.

आम्ही दगडी हत्याराचं वय काढतच नाही. त्याच्या भोवतीच्या वाळूच्या कणांवर ऊन शेवटचं कधी पडलं, एवढंच काढतो. कण गाडला गेला की आसपासच्या मातीतलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम आणि वरून येणारे वैश्विक किरण त्याच्यावर सतत मारा करतात. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांमध्ये अडकून बसतात. ठिबकत्या नळाखालचा रांजण समज. ऊन लागलं की थोड्याच वेळात रिकामा. क्वार्ट्झच्या, म्हणजे वाळूतल्या पांढुरक्या स्फटिकाच्या, कणावर आम्ही निळा प्रकाश टाकतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि कण अतिनील प्रकाशात अगदी मंद चमकतो. ती चमक मोजायची, मग त्याच कणांना ठरावीक मात्रेचे किरण देऊन तेवढीच चमक किती मात्रेला येते ते पाहायचं. समज, मात्रा 150 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) निघाली आणि जागेवर दर हजार वर्षांना 3 ग्रे मिळत होते, तर वय 50,000 वर्षं. भागाकार तुझ्या पाचवीच्या पोरांनाही येईल. भांडणं होतात ती छेदावरून, म्हणजे दर हजार वर्षांना किती ग्रे मिळत होते यावरून. पाणी किरण शोषून घेतं, त्यामुळे माती ओली असेल तर कणाला कमी किरण मिळतात. ओलावा एक टक्का जास्त धरला की वय साधारण एक टक्क्याने वाढतं. आता इतकी हजार वर्षं ती दरड सरासरी किती ओली होती, हे कोण सांगणार?

तरी या छेदासाठी तुझी पिशवी अगदीच वाया गेली नाही. मातीतलं युरेनियम-थोरियम मोजायला अंधार लागत नाही, त्या कामाला ती चालेल.

नेवाशाची खरी अडचण वेगळीच आहे. आपला काळा कातळ बेसाल्टचा, त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. चर्ट, अकीक सापडतात, पण हव्या तशा स्वच्छ क्वार्ट्झच्या वाळूची त्यांना सर नाही. पुरातत्त्वज्ञ ह. धी. संकलियांनी पन्नासच्या दशकात नेवाशाला खणलं तेव्हा ही पद्धत नव्हतीच. गाळासाठी प्रकाश वापरायची युक्ती 1985 ची. फेल्डस्पार हे दुसरं खनिज मिळेल, आणि त्याचा रांजण क्वार्ट्झपेक्षा मोठा, पण गळका! ठेवल्या ठेवल्या काही इलेक्ट्रॉन आपोआप निसटतात आणि वय कमी दिसतं. त्यावर उपाय म्हणून आधी कमी तापमानाला अवरक्त प्रकाश टाकून गळका भाग काढून टाकतात, मग जास्त तापमानाला पुन्हा मोजतात. चेन्नईच्या वायव्येला अत्तिरामपाक्कमला हीच रीत वापरली. 1863 मध्ये भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना हत्यारं सापडली ती जागा. 2018 मध्ये तिथल्या मध्य पुराश्मयुगीन (जुन्या दगडी युगाच्या मधल्या टप्प्यातल्या) हत्यारांच्या थराची सुरुवात 3,85,000 वर्षांपूर्वीची असल्याचं प्रसिद्ध झालं, अधिक-उणे 64,000. बातम्यांमध्ये हा दुसरा आकडा बहुतेक ठिकाणी गळून पडतो. मला तर पहिल्यापेक्षा त्याच्यावरच जास्त विश्वास आहे.

घाई केली की काय होतं त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. उत्तरेकडच्या जिन्मियम या शैलाश्रयातली हत्यारं 1,16,000 वर्षांहूनही जुनी असल्याचं 1996 मध्ये जाहीर झालं. तसं असतं तर त्या खंडावर माणूस कधी पोचला याचा सगळा इतिहास नव्याने लिहावा लागला असता. दोनच वर्षांनी कण सुटे सुटे मोजले, तर तो गाळ 10,000 वर्षांच्या आतला निघाला. तिथला वालुकाश्म जागच्या जागी कुजून त्याचे कण गाळात मिसळले होते. त्या कणांनी ऊन पाहिलंच नव्हतं, म्हणजे त्यांचे रांजण आधीच भरलेले. सगळे कण एकत्र मोजले की सरासरी फुगणारच. आता आमच्याकडे नखाएवढी चकती असते, तिला शंभर बारीक भोकं, एका भोकात एक कण. लाल दिव्याच्या उजेडात ते कण ब्रशने बसवताना श्वास जोरात सोडायचीही चोरी.

दिवाळीनंतर मी येते. तोवर दरडीला हात लावू नकोस, छिलकेही उचलू नकोस; थरात कुठे काय आहे ते बिघडलं तर माझ्या आकड्याला काही अर्थ राहणार नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात शेजारी टेप धरून फोटो काढ. ज्यांच्या शेताला ती दरड लागून आहे त्यांच्याशी आधी बोलून ठेव, आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचा अर्ज मी इथून करते. तुझ्याकडून एवढंच हवं: एक घण, तो चालवणारा धट्टाकट्टा माणूस आणि काळी जाड ताडपत्री. लोखंडी पाइप मी आणते. तो दरडीत आडवा ठोकायचा, ताडपत्रीखाली बाहेर काढायचा आणि दोन्ही तोंडं लगेच बंद करायची. तुझ्या शाळेतल्या पोरांना बघायला आण, पण मोबाइलचे टॉर्च घरी ठेवायला सांग.

काकूंना नमस्कार. चकल्या पुन्हा पाठवल्या तरी चालतील.

तुझी,
मेधा